डबल खाडा

सोमवार

आज आठवीत प्रकल्पाच्या चिठ्ठ्या काढल्या. विषय परका देश, गट सहा, मुदत पंधरा दिवस. देश मीच ठरवले होते. नेहमीचे अमेरिका-इंग्लंड मुद्दाम वगळले, कारण त्यांचे रेडिमेड तक्ते बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात लटकलेले असतात आणि मग प्रकल्प दुकानदाराचा होतो.

चिठ्ठ्या डब्यात घालून हलवल्या. जपान आला त्या गटाने बाकं बडवली. मॉरिशसवाल्यांची तोंडं पडली. "बाई, ह्याच्यात काय लिहायचं? नकाशात दिसतच नाय." तक्रार खोटी नव्हती. वर्गातल्या जगाच्या नकाशावर मॉरिशस म्हणजे मादागास्करच्या उजव्या बाजूला माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका. नावाची अक्षरं त्याच्याहून मोठी, आपली समुद्रात पसरलेली.

या गटात पाच जण. गटप्रमुख वर्गातली पहिली येणारी मुलगी. बाकी चौघांत एक मागच्या बाकावरचा, आठवड्यातून चार दिवस येणारा. उरलेले दोन दिवस तो कुठे असतो हे मी गेल्या वर्षी एकदा विचारलं होतं. "घरी काम व्हतं" म्हणाला. पुढे विचारलं नाही.

गटप्रकल्प म्हणजे काय, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला पक्कं माहीत झालंय. एक मुलगी लिहिते, एक जण चित्रं चिकटवतो, एक जण स्केचपेनने बॉर्डर मारतो आणि दोघं आपली नावं नीट लिहिली आहेत ना एवढं बघून घेतात. शिवाय कुणाच्या तरी आईचा रविवार जातो.

गुरुवार

कच्चं काम तपासलं. मॉरिशसची दहा पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आलेली. पहिलंच वाक्य, "मॉरिशस हे एक बहुसांस्कृतिक गंतव्यस्थान आहे जे प्रवाशांना मोहित करते." गटप्रमुखाला विचारलं, गंतव्यस्थान म्हणजे काय गं? "बाई, मोबाईलवर तसंच आलं."

पानं परत केली. म्हटलं, आपल्या जिल्ह्याशी मोजून बघा. क्षेत्रफळ किती, माणसं किती. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटर, मॉरिशस साधारण २,०४०. म्हणजे आपल्या जिल्ह्यात चार मॉरिशस बसतील. मग लोकसंख्या. २०११च्या जनगणनेत आपले सोळा लाख, त्यांचे साडेबारा लाखांच्या आसपास. गट जरा वेळ गप्प. चौपट जमीन आणि माणसं फक्त एवढीच जास्त? शिवाय २००१ला आपण जवळपास सतरा लाख होतो, दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी झालो, हेही मीच सांगितलं. "गेली कुठे मग?" असं विचारायची गरज पडली नाही. चौघं एकदम म्हणाली, "मुंबईला."

मागच्या बाकावरचा आज आला नव्हता.

शनिवार

शाळा सकाळची. गटाला जेमतेम अर्धा तास दिला. चलनी नोटांची चित्रं छापून आणली होती. चित्रं चिकटवणारा मुलगा नोट डोळ्याजवळ धरून ओरडला, "बाई, ह्याच्यावर आपला आकडा!" खरंच, मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरीतही लिहिलेलं असतं. त्यांचंही चलन रुपयाच. जपानच्या गटातले दोघं-तिघं उठून बघायला आले. मॉरिशसवाले पहिल्यांदाच जरा ताठ बसले.

शुक्रवार, रात्र

आज सादरीकरण झालं. झोप येत नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

तक्ता झकास होता, पण अर्धा डोडोनेच खाल्लेला. डोडो आमच्याकडच्या गावठी कोंबड्यासारखा झालाय, तुऱ्यासकट. तुरा खोडायला सांगावं असं वाटलं, मग राहू दिला. बॉर्डरवाल्या मुलीने तोंडपाठ सांगितलं की डच लोक १५९८ला बेटावर उतरले, डोडोला उडता येत नव्हतं, शंभर वर्षं व्हायच्या आत तो संपला आणि आता तो फक्त देशाच्या राजचिन्हावर उरलाय. डचांनंतर फ्रेंच, फ्रेंचांनंतर १८१०ला इंग्रज. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८. ही तारीख दांडीयात्रेवरून निवडली, हे मी मधेच सांगितलं आणि एकीने लगेच पुढे जोडलं, "१९३०." इतिहास कुठेतरी मुरतोय म्हणायचा.

मग खाऊ. तिकडे रस्त्यावर डाळपुरी विकतात, पुरणपोळीच्या जवळची पण तिखटामिठाची, वाटाण्याच्या डाळीची, आत रस्सा आणि चटणी घालून गुंडाळलेली. गटातल्या एकीने आईला तशी करायला सांगितलं होतं. आईने हरभऱ्याची डाळ शिजत घातली आणि हात सवयीने गुळाच्या डब्याकडे गेला. वर्गात आली ती सरळसरळ पुरणपोळी. मॉरिशसची म्हणून सगळ्यांनी खाल्ली, कुणाची काही तक्रार नाही.

नंतर आप्रवासी घाट. पोर्ट लुईच्या बंदरावरची ती जागा, जिथे हिंदुस्थानातून आलेले मजूर उतरायचे. २००६पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चपलांचे खोके कापून गटाने तिथल्या सोळा पायऱ्या केल्या होत्या. गटप्रमुखाने वाचायला सुरुवात केली. १८३४च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर आले. पुढच्याच वर्षी गुलामी बंद झाली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करार करून माणसं आणली. त्या कराराला लोक गिरमिट म्हणत. पाच वर्षांचा करार, पगार महिना पाच रुपये. इथवर वर्ग निम्मा ऐकत होता, निम्मा पुरणपोळीचे हात बाकाला पुसत होता.

मग ती म्हणाली, "मजुरांना दुहेरी कपात लागू होती."

मी विचारलं, म्हणजे काय? ती पानाकडे बघत म्हणाली, "कामावर एक दिवस अनुपस्थित राहिल्यास दोन दिवसांच्या वेतनाची कपात करण्यात येत असे." वाक्य बरोबर होतं. वर्गाच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

मागच्या बाकावरचा आज आला होता. गटात उभा होता, त्याच्याकडे पायऱ्यांचा खोका धरायचं काम होतं. खोका धरूनच तो म्हणाला, "म्हणजे डबल खाडा."

वर्ग वळला. खाडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे निम्म्या घरांत कुणी ना कुणी हजेरीवर आहे, कुणी चिऱ्याच्या खाणीवर, कुणी आंब्याच्या बागेत, कुणी जेटीवर. एकाने विचारलं, "डबल कसा काय? आमच्या बाबांचा सिंगलच धरतात." तो म्हणाला, "हितं सिंगल. तितं डबल." आणि मग कुणी न विचारता त्याने तोंडी हिशोब केला. पाच रुपये, तीस दिवस. तीन खाडे झाले की सहा दिवसांचे पैसे गेले. "तीन खाड्यात रुपया गेला, बाई. पाचातला एक."

मी फळ्यावर मांडून बघितलं. पाच भागिले तीस, गुणिले सहा. एक. त्याची गणिताची वही आठवली. त्या वहीत बेरजाही लाल शाईने भरलेल्या आहेत.

इथे मी थांबायला हवं होतं. पण शिक्षकाला थांबणं जमत नाही. विचारून बसले, "तुला कसं रे माहीत खाड्याचं?" वर्गासमोर विचारायचा प्रश्न नव्हता तो. त्याने खोका खाली ठेवला. म्हणाला, "मी लावतो ना हजेरी. बाबांना वाचता येत नाय, मुकादम कमी लावतो." बस्स. पुन्हा खोका उचलला. गेल्या वर्षी मिळालेल्या 'घरी काम व्हतं'चा अर्थ आज कळला. आठवड्यातले दोन दिवस हा मुलगा खाणीवर जाऊन हिशोबाची वही वाचतो आणि आमच्या हजेरीपटात त्याचा खाडा लागतो.

सावरून घ्यायला मी पुढचा प्रश्न विचारायला लावला. नेहमीचाच आला, "आपल्यातले पण गेले होते का?" गेले होते. बहुतेक मजूर बिहारकडचे, मद्रासकडचे. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत कोकणातली माणसं होती. उतरल्यावर प्रत्येकाला नंबर मिळायचा, रजिस्टरात नाव लिहिलं जायचं, आणि बापाचं किंवा आज्याचं ते एकट्याचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. आज तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो. गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. या शेवटच्या माहितीला टाळ्या पडल्या, दिवसातल्या सगळ्यात मोठ्या.

"चाकरमानी गणपतीला येतात तसे ते परत नाय आले?" एका मुलीचा प्रश्न. काही आले, पुष्कळ तिथेच राहिले, एवढंच सांगितलं. जहाजाच्या भाड्याचं, मोडलेल्या आणि नव्याने केलेल्या करारांचं सगळं एका तासात मावत नाही.

जाता जाता वर्गातल्या टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. तिथली मराठी मंडळी एक नाच करतात, त्याला झाकरी म्हणतात. पुरुष गोल धरून नाचतायत, पायाचा ठेका ओळखीचा. अर्ध्या मिनिटात मुलांनी बाकावर ठेका धरला. "बाई, ह्यो आपला जाखडीच!" आमच्या तीन वाड्यांत जाखडी नाचणारी शक्ती-तुऱ्याची मंडळं आहेत, गणपतीत रात्र रात्र जागवतात, त्यामुळे ही मुलं या बाबतीत माझी मास्तर आहेत. लगेच चिरफाड सुरू झाली. चाळ कमी वाजतात, गिरकी उशिरा घेतात, बुवाचा आवाज बसलाय. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बोटीत बसलेल्या नाचाचं परीक्षण आठवी अ करत होती आणि तासाची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

घंटेनंतर गटप्रमुख स्टाफरूमच्या दारात येऊन उभी. डोळे भरलेले. "बाई, लिहिलं सगळं मी. मावशीचा मोबाईल मागून तीन दिवस बसले. ती दुहेरी कपात पण मीच शोधली. त्याने एकच वाक्य बोललं आणि तुम्ही फळ्यावर त्याचंच लिहिलंत."

काय उत्तर देणार? ती बरोबर आहे. तिने शोधलं नसतं तर त्याला बोलायला काही नव्हतंच. आणि त्याने बोललं नसतं तर ते वाक्य छापील पानावरच राहिलं असतं. हे दोन्ही मी तिला सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलीला यातलं पहिलंच पटतं, आणि पटू दे. मी तिला म्हटलं नाही की 'दुहेरी कपात' हा शब्द तुझा नव्हता, मोबाईलचा होता. जिभेवर आलं होतं. बरं झालं गिळलं.

आता तक्ता पुढ्यात आहे. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत प्रकल्पाला माझे चार रकाने: माहिती संकलन, मांडणी, सादरीकरण, सहभाग. गटप्रमुखाचे भरले, हात अडला नाही. बॉर्डरवालीचे भरले, चित्रवाल्याचे भरले, पुरणपोळीवालीला आईचे मार्क देता येत नाहीत म्हणून बेताने भरले. मागच्या बाकावरच्याच्या ओळीत सादरीकरणाखाली एक आकडा लिहिला, खोडला, परत लिहिला. सगळं पेन्सिलने. सहभागाच्या रकान्याशी थांबलेय, कारण गेल्या पंधरवड्यात तो पाच दिवस नव्हता आणि नियमाने मला ते धरावे लागतात.

सोमवारी आइसलँड. त्या गटाने जेटीवरून बर्फाची लादी आणायची परवानगी मागितलीय. म्हटलं, वर्गात येईपर्यंत वितळेल की. म्हणाले, "मग बाई, पहिला नंबर आमचा लावा."