तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"ज्यांच्यामुळे आई गेली, त्यांच्याच मीटिंगांना जाता कशा?" लग्नात, ऑफिसात, आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा हे विचारून झालंय. काहींचा पुढचा प्रश्न दबक्या आवाजात येतो, "सेटलमेंट झाली का?" नाही. एक पैसा घेतलेला नाही, केसही केलेली नाही. डिस्चार्ज कार्डांवर काम करणाऱ्या ज्या मेडिकल कॉलेजच्या संशोधन गटात मी रुग्णांच्या बाजूने बसते, त्याचा त्या हॉस्पिटलशी संबंध नाही. पण हे सांगून भागत नाही. डॉक्टर सगळे सारखेच, असं विचारणाऱ्याला वाटत असतं. मलाही वाटायचं.

आईला संधिवात. मेथोट्रेक्सेटची गोळी ती वर्षानुवर्षं घ्यायची, आठवड्यातून एकदा, रविवारी. पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन छान झालं. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी होती आणि बीपीच्या गोळीपुढे होतं तेच मेथोट्रेक्सेटपुढेही होतं: 'ओडी'. म्हणजे रोज एक. आईने विचारलं नाही असं समजू नका. ती सिस्टरला म्हणाली, "ही मी रविवारीच घेते." उत्तर आलं, "आजी, आता कार्डावर आहे तसंच घ्या." आई शिस्तीची. तिने तसंच घेतलं.

आधी तोंड आलं. मग पाणी गिळवेना, ताप चढला, अंगावर जांभळे डाग उठले. दुसऱ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरणीने कार्ड वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही रोज घेतायत?" ही गोळी रोज पोटात गेली की हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणंच थांबत जातं. तिच्यावर उतारा म्हणून ल्युकोव्होरिन दिलं, प्लेटलेट चढवल्या. आई वाचली नाही.

पहिल्या हॉस्पिटलात कार्ड घेऊन गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, "टायपिंगमध्ये झालं असेल." मला त्या ज्युनिअर डॉक्टरचं नाव हवं होतं. त्याचं लायसन्स जायला हवं होतं. तेव्हाच्या मला कुणी आततायी म्हटलेलं आजही खपवून घेत नाही. पण नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, आठवड्याची मेथोट्रेक्सेट रोज दिली जाणं ही जगभर पुन्हा पुन्हा झालेली, माणसं दगावलेली चूक आहे. मग त्या एका पोराचं लायसन्स मला पुरेना. त्याच्या जागी दुसरा बसला असता तरी फॉर्म तोच होता.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००१ साली जोसी किंग ही दीड वर्षाची मुलगी गेली. भाजल्याच्या जखमा भरत आल्या होत्या. शरीरातलं पाणी कमी झालं आणि त्यात नको ते औषध दिलं गेलं. तिच्या आईने, सॉरेल किंगने, भरपाईच्या पैशातून फाउंडेशन काढलं आणि त्याच हॉस्पिटलातल्या पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरबरोबर रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी काम केलं. तिला काय काय ऐकावं लागलं असेल, ते मला कुणी सांगायला नको.

आपल्याकडेही रुग्णहक्कांची सनद आपसूक आली नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने ती खासगी हॉस्पिटलांत लावणं बंधनकारक केलं, त्यामागे जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांचा पाठपुरावा होता आणि 'साथी'सारख्या संस्थांनी केलेला अभ्यास होता. नुसता आक्रोश फाइलला लागतो. नुसता अभ्यास कपाटात जातो.

म्हणून जाते. गोड काही नसतं तिथे. सुरुवातीला मी फक्त अर्जावर 'रुग्ण प्रतिनिधी' म्हणून दिसावी इतकीच अपेक्षा होती, हे मला कळत होतं. एकदा किती कार्डं पूर्ण भरली याचा तक्ता दाखवला. मी म्हटलं, आईचं कार्डही पूर्ण भरलेलं होतं. घरी गेल्यावर माणूस गोळी कशी घेतो, ते मोजा. खूप वादावादी झाली. अखेर नमुना कार्डात मेथोट्रेक्सेटसाठी वेगळी ओळ आली: आठवड्यातून एकदा, आणि वार अक्षरात.

याने जीव वाचतील? छातीठोकपणे नाही सांगत. उत्तर प्रदेशात १२० सरकारी केंद्रं अभ्यासाला घेतली, त्यातल्या ६० केंद्रांवर बाळंतपणाची चेकलिस्ट आणली, कर्मचाऱ्यांना शिकवलं, बाकीची तुलनेला ठेवली. काम सुधारलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आला. तो वाचून रात्रभर तळमळले. पण निदान त्यांनी मोजलं आणि लपवलं नाही. आम्हाला कुणी एवढंही दिलं नव्हतं.

आणि केस करणाऱ्यांविरुद्ध मी नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं, ती वाट उघडी राहिलीच पाहिजे. माझा भाऊ अजून म्हणतो, "तुझ्या त्या ओळीमुळे त्यांना काय फरक पडला? साधी माफी तरी मागितली का?" नाही मागितली. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. त्याच्याकडे आईची फाइल आहे, माझ्याकडे पुढच्या मीटिंगचा मुद्दा आहे: मेडिकलवाल्याने रोजची मेथोट्रेक्सेट लिहिलेली चिठ्ठी पाहिली तर गोळ्या देण्याआधी डॉक्टरला फोन करायचा की नाही, हे अजून कुणीच ठरवलेलं नाही.