वॅग्नरची वही: 1908 चं पान रंगवून झालं

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा जुन्या काळचा अमेरिकन बेसबॉलपटू होनस वॅग्नरची वही 1907 पर्यंत आली होती. काल रात्री 1908 पूर्ण झालं, म्हणजे 21 पैकी 12 हंगाम झाले. पण त्या एका पानाने मागचं सगळं पुन्हा तपासायला लावलं, म्हणून आज त्याच पानाबद्दल लिहितो.

नवीन मंडळींसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. एका हंगामाला ग्राफचं एक पान आणि एका हिटला (चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचण्याला) एक चौकोन. साधी हिट (एक बेस) पेन्सिलीने राखाडी, डबल (दोन बेस) निळी, ट्रिपल (तीन बेस) हिरवी, होम रन (सगळे बेस फिरून धाव) लाल. पानाच्या वरच्या कडेला एक पट्टी, त्यात तो त्या वर्षी कुठल्या जागी खेळला ते. आकडे तयार मिळतात हे खरं, पण 201 चौकोन स्वतः रंगवल्यावर 201 हा आकडा हाताला कळतो.

वरची पट्टी सुरुवातीच्या वर्षांत फारच रंगीबेरंगी झाली आहे. आज वॅग्नर म्हटलं की शॉर्टस्टॉपच (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आठवतो, पण 1897 मध्ये लुईव्हिलकडून आला तेव्हापासून बरीच वर्षं त्याला जिथे गरज असेल तिथे उभं करत. कधी पहिला बेस, कधी तिसरा, कधी बाहेरचं मैदान. 1900 मध्ये मालक बार्नी ड्रायफस त्याला पिट्सबर्गला घेऊन आले आणि त्या वर्षी त्याने .381 ची सरासरी (म्हणजे हजार संधींमागे 381 हिट) काढून पहिल्यांदा लीगचं फलंदाजीचं अव्वल स्थान मिळवलं, तेही मुख्यतः राइट फील्डला (बाहेरच्या मैदानाच्या उजव्या बाजूला) खेळून. शॉर्टस्टॉपची जागा कायमची झाली ती 1903 पासून. तिथून पुढे पट्टी एकरंगी होते.

आता मुद्द्याचं. 1900 मध्येही 201 हिट आणि 1908 मध्येही 201. दोन्ही पानं टेबलावर शेजारी ठेवली. 1900 मध्ये निळे 45, हिरवे 22, लाल 4. 1908 मध्ये निळे 39, हिरवे 19, लाल 10. राखाडी इकडे 130, तिकडे 133. लांबून पाहिलं तर जुळी भावंडं वाटावीत. त्यात 1900 साली 527 संधी आणि 1908 साली 568, म्हणजे सरासरी .381 विरुद्ध .354. मीही इतकी वर्षं 1900 हाच त्याचा सर्वोत्तम हंगाम मानत होतो.

मग दोन्ही पानांवर लीगची रेघ ओढली. 1900 मध्ये सगळ्या नॅशनल लीगची (वॅग्नरचा संघ जिच्यात खेळे ती लीग) सरासरी होती .279. 1908 मध्ये ती होती .239! मधल्या काळात खेळच बदलला होता. 1901 पासून नॅशनल लीगने फाउल चेंडू (रेषांबाहेर गेलेला फटका) पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत स्ट्राइक म्हणून मोजायला सुरुवात केली; तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. त्याआधी चांगला फलंदाज नको असलेले चेंडू फाउल करत पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दमवू शकत होता. ती वाट बंद झाली. चेंडूही मऊ, आणि तोच मळका चेंडू सामनाभर चालायचा. त्या दिवसांत धाव काढणं म्हणजे खडकातून पाणी काढणं होतं.

हिशोब सोपा आहे. त्या वर्षीच्या सर्वसाधारण फलंदाजाला तेवढ्याच संधी दिल्या, तर 1900 मध्ये त्याने साधारण 147 हिट मारल्या असत्या आणि 1908 मध्ये 136. म्हणजे वॅग्नरच्या स्वतःच्या, वरकड हिट 1900 मध्ये 54 आणि 1908 मध्ये 65. हे 65 चौकोन मी जाड काळ्या रेघेने वेगळे केले आणि पानाचं रूपच पालटलं. बेसबॉलच्या साऱ्या इतिहासात एखाद्या इनफिल्डरचं (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाचं) याहून मोठं वर्ष दाखवायचं झालं तर मला फार शोधावं लागेल.

आणि हे वर्ष जवळजवळ आलंच नव्हतं. हंगामाआधी त्याने निवृत्ती जाहीर केली होती. 10,000 डॉलर पगारावर परत आला तेव्हा चौतिशीत होता, तरी 151 सामने खेळला. सरासरी, हिट, डबल, ट्रिपल, त्याच्या फलंदाजीवर निघालेल्या 109 धावा, चोरलेले (हिटशिवाय धावत गाठलेले) 53 बेस, सगळ्यांत पहिला. होम रनमध्ये मात्र ब्रुकलिनचा टिम जॉर्डन 12 वर आणि हा 10 वर. दोन लाल चौकोन! रंगवताना त्या दोन रिकाम्या जागांनी फार हळहळ लावली. संघाचंही तसंच. शेवटच्या सामन्यात शिकागोने हरवलं आणि पिट्सबर्ग 98 विजयांवर, एका सामन्याने मागे राहिलं.

लोक विचारतात, हाच ना तो सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डवाला? हो, 2022 मध्ये त्याचं एक कार्ड 72.5 लाख डॉलरला गेलं. कार्डाची कथा सगळ्यांनी सांगून झाली आहे. मला हे पान जास्त मोलाचं वाटतं.

एक दुरुस्ती: कारकिर्दीच्या एकूण हिट मी आधी 3,415 लिहिल्या होत्या. जुन्या तक्त्यांत तो आकडा दिसतो, नव्या मोजणीत 3,420 आहे. वहीत यापुढे 3,420 धरतोय, पहिल्या पानावर खोडून लिहिलं आहे.

पुढचं पान 1909. त्याच्याबरोबर वर्ल्ड सिरीजच्या (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) दोन छोट्या पट्ट्या करायच्या आहेत. 1903 मध्ये बॉस्टनविरुद्ध 27 संधींत फक्त 6 हिट, क्षेत्ररक्षणात 6 चुका, आणि मालिकेचा शेवटही बॉस्टनचा पिचर बिल डिनीनने त्यालाच स्ट्राइक आउट करून केला. त्यानंतर सहा वर्षांनी डेट्रॉइटविरुद्ध 24 मध्ये 8 हिट आणि 6 चोरलेले बेस, समोर डेट्रॉइटचा नामांकित फलंदाज टाय कॉब असताना. हिरव्या पेन्सिलीचं टोक संपत आलंय, शनिवारी नवी आणली की बसतो.