साडी पोचली, पैसे माघारी

पौषात आमच्या येवल्यात पैठणीच्या दुकानांना जरा उसंत असते. लग्नाच्या तारखा नसतात, येणारं गिऱ्हाईक भाव विचारून 'संक्रांतीनंतर येतो' म्हणून जातं, आणि मला पावत्या लावून घ्यायला सवड मिळते. अशाच एका सकाळी पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन भरलेले पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, मेल आला. विषय चार्जबॅक, म्हणजे कार्डवाल्याने बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितलेले; रक्कम ४६,५०० रुपये, आणि कारणाच्या रकान्यात नुसता आकडा: १०.४.

दुकानातली ऑनलाइन विक्री मी बघते. व्हिडिओ कॉलवर साड्या उलगडून दाखवायच्या, पैसे घ्यायचे, पॅकिंग, कुरिअर, हिशेब, सगळं. त्यामुळे हा आकडा मला ओळखीचा होता. व्हिसा कार्डाच्या वादात १०.४ म्हणजे 'कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक'. कार्डवाला म्हणतोय, हा व्यवहार मी केलाच नाही. साडी मिळाली नाही अशी तक्रार असती तर १३.१ आलं असतं; दाखवली एक आणि पाठवली दुसरी असं म्हणणं असतं तर १३.३. आधी आकडा बघायचा, कारण उत्तर त्याच प्रश्नाचं द्यावं लागतं. पैठणी अस्सल हातमागाची आहे, सिल्क मार्कचं लेबल आहे, पदर उलटा केला तरी नक्षी तितकीच स्वच्छ दिसते, सेमी पैठणीसारखे मागे धागे लोंबत नाहीत, हे सगळं मी छातीठोकपणे सिद्ध करू शकले असते. उपयोग शून्य. ते कुणी विचारलेलंच नव्हतं.

ऑर्डर दिवाळीच्या आधीची, न्यू जर्सीतल्या एका ताईंची. मला त्या नीट आठवत होत्या, कारण त्यांनी दुकानातला प्रत्येक जांभळा रंग कॅमेऱ्यासमोर आणायला लावला होता. दिवसा उजेडात बघू, ट्यूबलाइटखाली बघू, शेवटी दाराबाहेर उन्हात बघू. मग मोराचा पदर आणि असावलीचा काठ पक्का झाला. असं गिऱ्हाईक तीन महिन्यांनी उठून म्हणेल की मी घेतलीच नाही? मला पटेना. पण अशा वेळी आपल्याला काय पटतं यावर काहीच ठरत नाही.

पैसे तोवर गेलेले होते. चार्जबॅक आला की गेटवे आधी तेवढी रक्कम पुढच्या जमेतून वळती करून घेतो, निकाल नंतर. त्या दिवशी खात्यात येणारे इतर गिऱ्हाइकांचे पैसे त्यात बुडाले, आणि विणकरांची मजुरी तर त्याच आठवड्यात द्यायची होती. शेठनी मेल दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "रिफंड टाकून दे. एवढ्या लांबच्या माणसाशी कोण भांडत बसणार? गिऱ्हाइकाचा तळतळाट नको."

"शेठ, पैसे आधीच गेलेत. आता वरून रिफंड टाकला तर एका साडीचे दोनदा पैसे जातील."

हे त्यांना खरं वाटेना. चार्जबॅक चालू असताना आपण वेगळा रिफंड दिला, तर बँकेच्या वादाशी त्याची गाठ आपोआप पडत नाही. त्या रिफंडचा कागद आपण वेळेत पोचवला नाही तर रिफंडही जातो आणि वादही हरतो. पैसे द्यायचेच असतील तर गेटवेच्या पानावर वाद 'मान्य' करायचा, एवढीच वाट. नाहीतर दिलेल्या मुदतीत पुराव्यासकट उत्तर. आम्हाला आठवडाभराची मुदत होती. शेठ म्हणाले, "मग तू बघ," आणि चहा सांगायला गेले. त्यांचा होकार असाच असतो.

पहिली तपासणी व्यवहाराची. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपी लागतो, कारण रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली आहे. परदेशी बँकांच्या कार्डांना तो नियम लागू नाही. त्यांच्याकडेही कार्डवाल्याची खात्री करण्याची सोय आहे, आणि ती पडताळणी झालेली असेल तर 'मी केलंच नाही' या तक्रारीचा भार बहुतेक वेळा त्यांच्याच बँकेवर जातो, दुकानदारावर नाही. मी गेटवेवर तो रकाना शोधला. रिकामा. म्हणजे तो दरवाजा बंद.

दुसरा दरवाजा व्हिसाने एप्रिल २०२३ मध्ये उघडलेला: त्याच कार्डावरून आधी झालेले, वाद न घातलेले किमान दोन व्यवहार दाखवले आणि पत्ता, इंटरनेटचा आयपी क्रमांक वगैरे खुणा जुळल्या, तर विक्रेत्याची बाजू पक्की धरतात. ताईंची मात्र आमच्याकडची ही पहिलीच खरेदी. तोही बंद.

उरला तिसरा, पोच. परदेशी पार्सल आम्ही सही घेऊनच देतो. कुरिअरवाला त्याचे जादा पैसे घेतो आणि शेठ दर वेळी कुरकुरतात. ट्रॅकिंगवर नुसतं 'पोचलं' एवढंच दिसत होतं. सहीची प्रत वेगळी मागवावी लागते, आणि ती ते जन्मभर जपून ठेवत नाहीत. नाशिकच्या ऑफिसला फोन, मग मेल, मग पुन्हा फोन. 'सिस्टीम स्लो आहे मॅडम' हे वाक्य ऐकत दुपार गेली. चारच्या सुमारास प्रत आली. त्यावरचं नाव वाचलं आणि मी गेटवेवरचं कार्डधारकाचं नाव पुन्हा उघडलं. दोन्ही एकच. ज्या गृहस्थांनी 'हा व्यवहार माझा नाही' असं बँकेला सांगितलं होतं, त्यांनीच दारात सही करून आमचं पार्सल घेतलं होतं!

शेठ खूश. "पकडला बघ चोर!" मला मात्र चोर वाटेना. चोरी करणारा माणूस स्वतःच्या घरी, स्वतःच्या नावाने सही देतो का?

म्हणून थांबले. तिकडे तेव्हा पहाट होती. हिवाळ्यात त्यांच्या-आपल्यात साडेदहा तासांचं अंतर. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी आठला, ताईंना फोन लावला. वादाचं नाव न काढता आधी विचारलं, साडी नेसलात का? भाचीच्या लग्नात नेसल्या होत्या, फोटो पाठवायचा राहिला म्हणून त्याच ओशाळल्या. मग मी हळूच सांगितलं.

"अगंबाई! थांबा हं." पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज, मग लांबून "अहो, जरा इकडे या," मग बराच वेळ अस्पष्ट बोलणं. ताई परत आल्या त्या हसू दाबतच. कार्ड मिस्टरांचं. त्यांनी स्टेटमेंट बघितलं तर भारतातल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या नावाने साडेपाचशे डॉलर गेलेले. पैठणीचा पत्ता नाही. त्यांनी बँकेच्या ॲपमध्ये 'व्यवहार ओळखीचा नाही' यावर बोट ठेवलं आणि विसरून गेले. बायकोने साडी घेतलीय हे त्यांना ठाऊक होतं. किती रुपयांची, ते ठाऊक नव्हतं. ते त्यांना कळलं ते बहुधा माझ्या त्या फोनमुळेच, आणि त्याबद्दल मला आजही थोडं वाईट वाटतं.

ट्रेडिंग कंपनी म्हणजे आम्हीच. शेठच्या वडिलांनी सुताच्या व्यापारासाठी काढलेली फर्म. जीएसटी, बँक खातं सगळं त्याच नावावर, दुकानाची पाटी वेगळी. येवल्यात हे कुणाला खटकत नाही. स्टेटमेंटवर पाटी दिसत नाही, फर्म दिसते.

मिस्टर स्वतः फोनवर आले, माफी मागितली, "मी आत्ताच बँकेला कळवतो" म्हणाले. शेठना वाटलं, संपलं. मी म्हटलं, नाही. गिऱ्हाइकाने तक्रार मागे घेतली तरी ती बँक, कार्डाचं नेटवर्क, आपली बँक, गेटवे असा प्रवास करत येते. त्याआधी आपली मुदत संपली तर उत्तर न दिल्याबद्दल हरणार आपणच. तेव्हा त्यांना विनंती केली की बँकेला लिहिलेला मेल आम्हालाही पाठवा, आणि दुकान बंद झाल्यावर मी उत्तर लिहायला बसले.

हे लिहिणं म्हणजे सगळ्यात निगुतीचं काम. वाचणारा कुणीतरी परका कारकून, त्याच्यापुढे अशा फाइलींचा ढीग, आणि त्याने आयुष्यात साडी हातात धरलेली नसण्याची शक्यता मोठी. तिथे 'आमचा पिढीजात व्यवसाय' आणि 'आमच्यावर अन्याय' असलं काही चालत नाही. एक पान इंग्रजी, तारखेप्रमाणे: कधी निवड झाली, कधी पैसे आले, कधी पार्सल निघालं, कुणी सही केली. मागे बिल, कुरिअरची प्रत, त्यावरच्या आणि कार्डावरच्या नावाला पिवळी खूण, आणि मिस्टरांचा मेल. व्हॉट्सॲपवरच्या गप्पांतून फक्त लागतील तेवढे तुकडे, शेजारी भाषांतर. त्यात ताईंचं 'मिस्टरांच्या कार्डवरून करते हं' हे वाक्य सापडलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आम्ही ऑर्डरचं बोलणं फोनवर झालं तरी शेवटी लिहून घेतोच. त्या सवयीचं चीज झालं.

देशातल्या विक्रीत त्रास वेगळा असतो. यूपीआयचा खोटा स्क्रीनशॉट आला तर खात्यात जमा दिसेपर्यंत पार्सल बांधायचं नाही, एवढ्याने भागतं. पण पैसे खरोखर जमा होऊनही माणूस अडकतो. शेजारच्या एका दुकानदाराकडे कुणीतरी फसवणुकीच्या पैशातून साड्या घेतल्या. ज्याचे पैसे लुबाडले गेले त्याने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि पैशाचा माग काढत काढत तेवढी रक्कम या दुकानदाराच्या खात्यात रोखली गेली. तिथेही बिल, चॅट आणि कुरिअरची पोच घेऊनच त्यांना सगळीकडे फिरावं लागलं. कागद तेच, फक्त टेबल वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी गेटवेला लिहून स्टेटमेंटवर दुकानाचं नाव येईल असं करून घेतलं, आणि परदेशी कार्डांवरून पडताळणीशिवाय पैसे स्वीकारू नका असंही सांगितलं. त्याने काही व्यवहार अडतात, गिऱ्हाईक वैतागतं. तीस हजारांच्या वरच्या साडीला मला ते चालतं. पैसे भरल्यावर जाणाऱ्या मेसेजमध्ये एक ओळ वाढवली: कार्डाच्या हिशेबात हे नाव दिसेल, घरच्यांना सांगून ठेवा. 'घरच्यांना' हा शब्द शेठनी घालायला लावला.

निकाल यायला संक्रांत, रथसप्तमी सगळं उलटून गेलं. पैसे परत जमा झाले, गेटवेने कापलेली वादाची फी मात्र गेली ती गेलीच. निकालात कारण काही लिहिलेलं नव्हतं, नुसतं 'तुमच्या बाजूने' एवढंच. शेठ म्हणतात, आपण गोड बोलून फोन केला म्हणून जिंकलो. मी म्हणते, सहीची प्रत वेळेत आली म्हणून. कुरिअरच्या जादा पैशांवरून ते अजून कुरकुरतात, पण सही काढून टाक असं काही म्हणत नाहीत.