चौघांपैकी एकाचा नकार

पैशाचा स्पर्श झाला की रॉक संगीत बाटते, असे मानणारे रसिक आमच्या बेळगावातही आहेत आणि त्यांच्याशी माझा जुना वाद आहे. हे संगीत जन्मापासून बाजारातच वाढले. रेकॉर्ड कंपन्या, रेडिओ केंद्रे आणि तिकीटविक्री नसती, तर ते खडे बाजारातल्या कॅसेटच्या दुकानापर्यंत आणि तिथून माझ्यापर्यंत पोहोचलेच नसते. म्हणून एखाद्या बँडने पैसे घेतले का, हे मी विचारत नाही. आपल्या गाण्याचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला का, एवढेच मी पाहतो, आणि त्या दृष्टीने लॉस एंजेलिसच्या ‘द डोअर्स’ या चौघांची हकीकत मला फार मोलाची वाटते.

त्यांचे ‘लाइट माय फायर’ हे गाणे १९६७ च्या पहिल्या अल्बमवर सुमारे सात मिनिटांचे आहे. त्यातला मधला मोठा भाग आधी रे मॅन्झारेकच्या ऑर्गनचा आणि मग रॉबी क्रीगरच्या गिटारचा असून, दोघेही मोजक्या कॉर्डच्या फेऱ्यावर ठाण मांडून सावकाश बढत करत जातात. रेडिओला एवढे लांब गाणे परवडत नव्हते, तेव्हा तो भाग जवळजवळ पुरता कापून गाणे तीन मिनिटांच्या आत बसवण्यात आले, आणि ती कापलेली आवृत्तीच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ही तडजोड होती, यात शंका नाही. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत असताना मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही तेवढ्यातच राग उभा केला होता, आणि त्या तबकड्या आमच्या भागातल्या जुन्या घरांतून झिजेपर्यंत वाजल्या. बाजाराने वेळ आखून दिली, गाणे मात्र त्यांचेच राहिले. अशा काटछाटीला मी प्रतारणा म्हणू शकत नाही.

खरा पेच १९६८ मध्ये आला. ब्यूइक या मोटार कंपनीला जाहिरातीसाठी हेच गाणे हवे होते. गायक जिम मॉरिसन त्या वेळी गावात नव्हता आणि उरलेल्या तिघांनी होकार देऊन टाकला. परत आल्यावर तो विलक्षण संतापला. वास्तविक गाणे मुख्यतः क्रीगरने रचलेले होते. पण त्या बँडमध्ये सर्व उत्पन्नाचे चार सारखे वाटे होत आणि प्रत्येकाला नकाराचा अधिकार होता, त्यामुळे मॉरिसनला विचारल्याशिवाय गाणे दिले गेले हीच त्याच्या लेखी फसवणूक होती. १९७१ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला, तेव्हा केवळ २७ वर्षांचा होता.

त्यानंतर तो अधिकार ज्याने जपला, तो ड्रमर जॉन डेन्समोर. त्याच्या हातूनही एकदा ढिलाई झाली होती: पिरेली टायरच्या, फक्त इंग्लंडमध्ये दाखवायच्या जाहिरातीला त्याने ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’ वापरू दिले, ती पाहिल्यावर त्याला मॉरिसन आठवला आणि आपल्या वाट्याचे सगळे पैसे त्याने दान केले. पुढे कॅडिलॅक या मोटार कंपनीने दीड कोटी डॉलरपर्यंत देऊ केले तेव्हा मॅन्झारेक आणि क्रीगर तयार होते, एकटा डेन्समोर ‘नाही’ म्हणाला. ते दोघे जेव्हा बँडच्या नावाने दौरे करू लागले, तेव्हा हे प्रकरण न्यायालयात गेले आणि तिथे त्याचा हा नकारच त्याच्याविरुद्ध वापरण्यात आला. एवढा पैसा नाकारणारा माणूस भागीदारांचे नुकसान करतो, असा तो युक्तिवाद होता. खटला अखेर डेन्समोर जिंकला. गाणी लिहिणारा तो नव्हता, गाणाराही नव्हता. मागे बसून ठेका धरणाऱ्या माणसाने हे केले, याचे मला फार अप्रूप आहे.

कॅडिलॅकला मग लेड झेपेलिन या बँडचे ‘रॉक अँड रोल’ मिळाले आणि २००२ पासून ते त्यांच्या जाहिरातींत वाजू लागले. याच लेड झेपेलिनने १९७१ मध्ये आपल्या चौथ्या अल्बमच्या वेष्टनावर बँडचे नावसुद्धा छापले नव्हते, आणि ‘स्टेअरवे टू हेवन’ची लोक मागणी करत असतानाही त्याची स्वतंत्र विक्रीची तबकडी काढू दिली नव्हती. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, परंतु ‘रॉक अँड रोल’च्या सुरुवातीचे जॉन बोनमचे ते ड्रम ऐकले की आता माझ्या डोळ्यांपुढे एक चकचकीत मोटार येते आणि ती काही केल्या जात नाही. गाण्याशी जोडलेली माझी स्वतःची आठवण होती, तिच्या जागी दुसऱ्याचा माल येऊन बसला. गाणे कापल्याने असे होत नाही, ते उसने दिल्याने होते.

जाहिरात नसतानाही यश गाण्याला कसे वाकवते, हे पिंक फ्लॉइड या बँडच्या बाबतीत दिसते. १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मी प्रथम ऐकला तो दुकानदाराने तबकडीवरून भरून दिलेल्या कॅसेटवर. अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा असल्यामुळे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर तो अख्खा मावत असे. फक्त तबकडी उलटताना दुकानदाराने पॉझचे बटण दाबलेले असायचे, त्याचा बारीक ‘टक्’ आणि लगेच नाण्यांचा खणखणाट. ते ‘मनी’ हे गाणे. नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याची घंटा यांची टेप जोडून केलेला तो ठेका रूपकासारखा सात मात्रांचा आहे. पैशाच्या हव्यासावर टीका करणारे हेच गाणे अमेरिकेत तुफान खपले, आणि एके काळी शांत बसून ऐकणारा त्यांचा श्रोता जाऊन ‘मनी’साठी आरोळ्या ठोकणारी मैदाने त्यांच्या समोर आली. १९७५ मध्ये त्यांनी रेकॉर्ड कंपनीच्या साहेबावर गाणे रचले. तो साहेब बँडला विचारतो, तुमच्यापैकी पिंक कोण? १९७७ मध्ये माँट्रियलला त्यांच्यातला रॉजर वॉटर्स समोरच्या श्रोत्यावर थुंकला, आणि त्या लाजेतून ‘द वॉल’ हा अल्बम निघाला. इतका प्रामाणिक पस्तावा फार थोड्यांनी संगीतात मांडला असेल.

अलीकडे तर नकाराचा अधिकारच विकला जाऊ लागला आहे. बॉब डिलनने २०२० मध्ये आपली गीतसंपदा युनिव्हर्सलला दिली, ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये सोनीला, पिंक फ्लॉइडने २०२४ मध्ये सोनीलाच आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क दिले. १९८८ मध्ये प्रायोजकांवर कडक गाणे लिहिणाऱ्या नील यंगनेही २०२१ मध्ये आपला अर्धा हिस्सा हिप्नोसिस या, गाण्यांचे हक्क विकत घेणाऱ्या फंडाला विकला. त्याचे गाणे बर्गरच्या जाहिरातीत जाणार नाही, अशी ग्वाही फंडाच्या प्रमुखाने दिली होती. २०२४ मध्ये तो फंडच ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने विकत घेतला. म्हाताऱ्या कलावंताने मुलाबाळांची सोय करावी, हे मला समजते, तरी दिलेला शब्द पाळायला शब्द देणारा जागेवर असावा लागतो.

हे सारे मी सध्या उद्यमबागकडच्या चार विद्यार्थ्यांना सांगत असतो. त्यांचा बँड आहे, ते स्वतःची मराठी गाणी करतात, आणि गणपतीत ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या घेऊन मराठी, कन्नड, हिंदी असे मागेल ते वाजवतात. त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही; अँप्लिफायरचे हप्ते त्यातूनच फिटतात. गेल्या महिन्यात एका व्यावसायिकाने त्यांना चांगली रक्कम देऊ केली, अट एवढीच की त्यांच्या एका गाण्याच्या धृपदात त्याच्या गृहसंकुलाचे नाव यावे. मंचामागे त्याचा फलक लावा, निवेदनात त्याचे आभार माना, पण धृपदाला हात लावू देऊ नका, असे मी सांगितले आणि त्यांनी ते मानले. शिवाय चौघांचे वाटे सारखे आणि चौघांच्या संमतीशिवाय गाणे कुणाला द्यायचे नाही, असे आत्ताच कागदावर लिहून ठेवा, असेही सुचवले. त्यावर गिटार वाजवणारा मुलगा म्हणाला, “गाणी सगळी मीच लिहितोय की ओ काका, मग वाटा सारखा कसा?” मी त्याला क्रीगरचे उदाहरण दिले. बाकीच्या तिघांनी सह्या केल्या आहेत. त्याने कागद घरी नेला आहे आणि विचार करून सांगतो म्हणाला आहे.