चहाबिहा

दारात आलेल्या माणसाला आमच्याकडे नुसता चहा कुणी विचारत नाही. "चहाबिहा घेणार ना?" असंच विचारतात. यातला चहा सगळ्यांना ठाऊक असतो, बिहा मात्र घरागणिक बदलतो. कुठे तो खारी असतो, कुठे डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा, आणि कुठे तर तो नुसताच बोलण्यापुरता असतो, कपाबरोबर काहीच येत नाही. पण विचारण्यात एक सैलपणा येतो. "चहा घेणार?" म्हटलं की हो किंवा नाही सांगावं लागतं. चहाबिहा विचारला की पाहुण्याला "नको हो, आत्ताच झालाय, थोडं पाणी द्या" असं म्हणत आरामात बसता येतं.

माझ्या भाच्याने लहानपणी यावर एकदा सरळच मागणी केली होती. "मला चहा नको, बिहा दे." बहीण क्षणभर गोंधळली आणि तिने त्याच्या हातात खारी ठेवली. त्यांच्या घरात खारीला आजही बिहाच म्हणतात.

शाळेच्या व्याकरणात या प्रकाराला अंशाभ्यस्त शब्द म्हणायचे. परीक्षेला त्याची उदाहरणं यायची ती उरलासुरला, किडूकमिडूक, शेजारीपाजारी, गोडधोड अशी. पण या जोड्या बांधून ठेवलेल्या आहेत. शेजारीपाजारी चालतं म्हणून मित्रपित्र म्हणता येत नाही. बिचं तसं नाही. पहिल्या अक्षराची उचलबांगडी करा, तिथे बि बसवा, की शब्द तयार. घरबिर, सोनंबिनं, पुस्तकबिस्तक, आंबाबिंबा. एका दमात उच्चारायच्या छोट्या शब्दात मूळचं अक्षर लांब असलं तर बीही लांबतो: कामबीम, प्रेमबीम. जोडाक्षर असलं तर ते अख्खंच उडतं, म्हणून प्रेमाचं बीम होतं, ब्रीम होत नाही. स्वैपाकबिपाक तर रोज होतो. हे नियम आपल्याला कुणी शिकवलेले नसतात, आणि चूक कुणाचीच होत नाही.

अडतं ते खुद्द ब पाशी. बस, बाग, बटाटे इथवर ठीक. बसबिस, बागबीग, बटाटेबिटाटे होऊन जातं. पण बिस्किटांचं काय करायचं? बिस्किटबिस्किट म्हणून तर चालत नाही. मग लोक चटकन फ कडे वळतात आणि बिस्किटफिस्किट म्हणतात. बिलाचंही बिलफिल होतं. विडी ओढणाऱ्यांची सोय जुनीच आहे, त्यांना बिडीकाडी आहे. बी-बियाणं ऐकताना कुणाला वाटेल की हाही त्यातलाच प्रकार, पण तिथे बियाणं खरोखरचं असतं, दुकानात पैसे मोजून आणावं लागतं. आणि गावांची नावं घ्या. पुणेबिणे, नाशिकबिशिक, साताराबितारा सगळं बिनबोभाट होतं. बीडच्या माणसाने काय करावं? "बीडबीडकडे पाऊस आहे का?" असं विचारलं तर समोरच्याला वाटेल, फोनची रेंज गेली.

कधी कधी बि लावलेला शब्द नेमका दुसऱ्याच एखाद्या खऱ्या शब्दावर जाऊन आदळतो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलाचं गाडीबिडी काही आहे का?" तर मुलाकडची एक वयस्क आजी घाईघाईने म्हणाली, "गाडी आहे हो, पण बिडी नाही. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही त्याला." बैठकीतला ताण तिथेच संपला.

या बिचं कूळ शोधायला गेलं तर मजा वाटते. वर हिंदीत चाय-वाय होतं, म्हणजे व. गुजरातीत पाणी-बाणी, काम-बाम. तिथे आपला ब आहे, पण स्वर मूळ शब्दाचाच राहतो. खाली कन्नडमध्ये जेवणाला ऊटा म्हणतात आणि जेवणबिवणाला ऊटा-गीटा. तिथे व्यंजन ग, पण स्वर आपलाच, इ. तमिळ आणि तेलुगूतही वाघबिघ म्हणायचं तर पुली-गिली. म्हणजे शेजारच्या गुजरातीसारखा ब आणि खालच्या कन्नडसारखी इ, दोन्ही मिळून आपला बि. हा खरोखर असाच जमला असेल असा माझा दावा नाही, पण नकाशाकडे बघितलं की असं वाटल्याशिवाय राहत नाही. मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी निलगिरीतल्या तोडा लोकांच्या भाषेतल्या अशा शब्दांवर 1938 सालीच लिहिलं होतं. म्हशी पाळणारे ते डोंगरातले लोक आणि आपण, बोलायला बसलो की दोघांनाही शब्दाच्या मागे त्याची सावली लागते.

आता वगैरे हा शब्द आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. अरबीतून फारसीमार्गे येऊन तो इथे चांगला रुळला आहे आणि अर्जात, अहवालात, भाषणात शोभतोही. पण तो यादी वाढवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. बिला त्याहून बरीच कामं येतात. "कविताबिविता करतोस म्हणे" यात कविता किती उतरली ते कवीलाच विचारा. "पैसेबिसे लागले तर सांग" असं म्हणणारा मायेने म्हणतो, पण आपण मागणार नाही याची त्याला साधारण खात्री असते. ज्याला खरंच द्यायचे असतात तो "किती हवेत?" असं विचारतो.

आणि भीती वाटते तेव्हा तर बि हमखास येतो. "पडशीलबिडशील", "आजारीबिजारी पडू नकोस", "पोलीसबिलीस आले तर?" अभद्र शब्द तोंडातून गेला तरी पुढे बि लावून त्याची धार घालवायची. दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो तेव्हा आतून एका बाईंचा आवाज ऐकू आला. त्या अगदी सहज विचारल्यासारखं करत म्हणाल्या, "डॉक्टर, कॅन्सरबिन्सर नाही ना?" डॉक्टर कागद चाळत होते. ते म्हणाले, "नाही काकू, कॅन्सर नाही." त्यांनी बिन्सरबद्दल काही सांगितलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, "म्हणजे तसलं काहीच नाही?" "काहीच नाही." तेव्हा कुठे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेरून आलेला शब्द मराठीत मुरला की नाही, हे तो पंडितांच्या कोशात आहे की नाही यावरून मी ठरवत नाही. त्याला बि लागतो का, तेवढं बघतो. कॉम्प्युटरबिंप्युटर फार पूर्वी झाला. वायफायबियफाय, इन्स्टाबिन्स्टा हे हल्लीचे, तेही पास झाले. माझ्या मावशीला इंग्रजीचं वावडं आहे, पण परवा तिला कुणीतरी बँकेतून बोलतोय असं सांगून फोन केला, तेव्हा तिने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि ठणकावलं, "हे बघ बाळा, ओटीपीबिटीपी मी कुणाला सांगत नसते." बँका हेच सांगायला भलामोठा मेसेज पाठवतात: पिन सांगू नका, पासवर्ड सांगू नका, कार्डाच्या मागचे तीन आकडे सांगू नका. मावशीच्या बिटीपीत ते सगळं आलं होतं. त्या माणसाने पुढे काही न विचारता फोन ठेवला.