आमची वाटचाल : कात, बकूळ आणि मशेरीचा डबा

आमच्या दंतमंजनात खडू नाही, गेरू नाही आणि राखही नाही. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण गेली काही वर्षं आमच्याच रंगाचं मंजन, आमच्यासारख्याच डबीत, मुंबईच्या दुकानांत विकलं जातंय. लोक मात्र फोन आम्हाला करतात, "ताई, हल्ली चव बदलली का हो?" चव बदललेली नाही. ते मंजन आमचं नव्हेच.

प्रमाण सासूबाईंचं. चिपळूण तालुक्यात खैर भरपूर, सावर्ड्याकडे त्याच्या लाकडाचा कात शिजवणारे कारखाने, आमच्या परड्यात बकूळ. कात, बकुळीची साल, हिरडा, दालचिनी, लवंग, सैंधव आणि तुरटीची लाही, एवढंच मंजनात जातं. दालचिनी आणि लवंग नारळाच्या बागेतली घेतो. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं नारळात मसाल्याची झाडं लावायला शिकवल्यापासून तो माल इथल्या इथे मिळतो.

माल सोपा वाटतो, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. काताचा खडा दमट असला तर जात्याच्या पाळीला चिकटून बसतो, म्हणून उन्हात कडक करून आधी खलबत्त्यात फोडायचा. तुरटी लोखंडी तव्यावर फुलवायची. तिच्यातलं पाणी उडालं की पांढरी, हलकी लाही होते. मिठागरातलं मीठ आम्ही घेत नाही, आपल्याकडच्या आषाढात ते पाझरतं आणि डबीत पावडरीचा गोळा होतो. लवंग सगळ्यात शेवटी आणि पहाटेच्या गारव्यात दळायची, कारण पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, तापला की लवंगेचं तेल उडतं आणि मागे नुसता चोथा राहतो. मग 100 मेशची, म्हणजे इंचाला शंभर छिद्रांची, चाळण, त्यानंतर मलमलीतून वस्त्रगाळ. चिमूट जिभेवर ठेवून कचकच लागली तर अख्खा घाणा परत जात्यावर. सासूबाईंचं जातं अजून चालू आहे, पाळीला छिन्नीनं टाकी लावून घेतो दरवर्षी.

घरी मंजन करणाऱ्यांना एवढं सांगते. भाताच्या तुसांची राख वापरू नका. तिच्यात सिलिका असते, ती दातावरचं इनॅमल खरवडते आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. लिंबू चोळून दात पांढरे करायला जाऊ नका, आम्लानं तेच होतं. काजूची टरफलं तर हातातही धरू नका, त्यांच्या तेलानं कातडी भाजते. तोंडाचं काय होईल? मंजन मधल्या बोटानं आणि हलक्या हातानं लावा. आमच्या मंजनात फ्लोराइड नाही, हे डबीवर छापलेलं आहे. मुलांचे दात किडत असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा, मग आमच्याकडे या.

फॉर्म 25-डी, म्हणजे आयुर्वेदिक औषधं बनवायचा परवाना, मिळेपर्यंत पायऱ्या झिजवल्या. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

वेलदूरच्या मावशींबद्दल मात्र लिहायलाच हवं. चिपळूणच्या बाजारात मासे विकायला यायच्या. तव्यावर काळी भाजलेली मशेरी दिवसातून चार वेळा हिरड्यांना. 1992 साली सरकारनं टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावरच्या तंबाखूला कोण अडवणार? मावशींच्या हिरड्या सुटत आलेल्या, तोंडाला वास, तरी डबा कनवटीला. मी पुडी दिली आणि सांगितलं, तलफ आली की हे लावा. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "वयनी, ह्याला झिंग न्हाय, पन त्वांड सोच्छ वाटतं." वर्ष लागलं त्यांना सुटायला. मधे दोनदा परत मशेरीवर गेल्या, मी काही बोलले नाही, पुडी देत राहिले. सुटल्यावर माशांच्या पाटीशेजारी आमच्या डब्या मांडून विकायच्या, कमिशन घ्यायला तयारच नाहीत. मंजनानं तंबाखू सुटते असा दावा मी करत नाही. बोटाला आणि हिरड्यांना त्या वेळी काहीतरी लागतं, ते आम्ही दिलं. आमच्या धंद्याचं खरं काम हेच आहे असं मी मानते.

मग 22 जुलै 2021. वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचा वर्षाचा माल भरलेला होता. तो पावसाळ्याआधीच भरावा लागतो, कारण साल आणि हिरडा पावसात वाळत नाहीत. पल्व्हरायझर पाण्याखाली, चाळणी चिखलात, हिरड्याला कुबट वास. कात तर पोत्यांतल्या पोत्यांत विरघळला. पाणी ओसरल्यावर रिकामी लाल पोती तेवढी हाती लागली. यंत्राचे विम्याचे पैसे मिळाले. कच्च्या मालाचे नाहीत. साल आणि हिरडा वाडीवस्तीवरच्या बायकांकडून रोख घेतलेला, त्याच्या पावत्या कुठून आणायच्या? मोटर रिवाइंड केली, बेअरिंगं बदलली, पण दळायला मालच नव्हता. तेव्हा जातं धुऊन, मावशींनी आणि गल्लीतल्या बायकांनी दिलेल्या उसनवारीवर, थोडं थोडं हातानं काढलं.

त्याच दिवसांत आमचे मुंबईचे घाऊक व्यापारी, ज्यांना आम्ही कित्येक वर्षं उधारीवर माल दिला, त्यांनी आधीचं बिल थकवलं. वर "माल कधी येणार?" म्हणून रोज फोन. आम्ही दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. दिवाळीच्या आधीच त्यांचं स्वतःचं मंजन बाजारात आलं. आमच्या डबीसारखी डबी, आमच्यासारखा तांबूस रंग, किंमत जवळजवळ निम्मी. तो रंग काताचा नाही, गेरूचा. कात महाग असतो, खैर तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते. गेरू ही माती. खाली खडूची भुकटी आणि वर पुदिन्याचा वास. थकलेलं बिल अजून आलेलं नाही. वकील म्हणाले, डबीच्या आकारावर केस उभी राहणार नाही.

ज्यांना शंका आहे त्यांनी घरी करून बघावं. चमचाभर मंजन कडकडीत पाण्यात टाका. कात असेल तर पाणी तांबूस होतं आणि गार झाल्यावर चाखलं की तुरट लागतं. गेरू असेल तर लाल गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. दुसऱ्या चिमटीवर लिंबाचे थेंब पाडा. फसफसलं तर त्यात खडू आहे. आमच्या डबीतलं मंजन फसफसलं तर डबी परत पाठवा, पोस्टाचा खर्चही आम्ही देऊ.