बाराच व्होल्ट, त्याला काय होतंय!

वाईतल्या एका जुन्या वाड्याचं काम. मालक बँकेतून निवृत्त झालेले. वाडा पाडून बिल्डिंग उठवायची सोडून त्यांनी तो नीट करून घेतला आणि पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या लोकांना माडीवरच्या खोल्या मुक्कामाला द्यायचं ठरवलं. अशा घरात वायरिंग करायचं म्हणजे वायरमनचा घाम निघतो. भिंती मातीच्या, छिन्नी लावली की ढेकूळच हातात येतं. वर सागवानी तुळया आणि त्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत. पाइप दडवायला कुठेच जागा नाही.

मालकांना, म्हणजे काकांना, तुळयांच्या आडून उजेड हवा होता. दिवा दिसू नये, लाकूड उजळलेलं दिसावं. म्हणून एलईडी स्ट्रिप, आणि तीही १२ व्होल्टची. "लाकडाचं घर आहे, २३० व्होल्ट वर खेळवायला नकोत. १२ व्होल्टनं आग लागत नाही." असं त्यांना कुणीतरी पटवलेलं. काम पुण्याच्या एका डेकोरेशनवाल्यानं करून दिलं होतं आणि तो पैसे घेऊन गेला होता. मला साताऱ्याहून बोलावलं ते तक्रारीसाठी: ओसरीवरचे दिवे झकास लागतात, माडीवरचे मिणमिणतात. स्ट्रिप बदलून झाली होती, तरी फरक नव्हता.

जिन्याखाली एसएमपीएस होता, म्हणजे २३० व्होल्टचे १२ करून देणारा डबा. १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा, तो जाळीचा पत्र्याचा डबा असतो ना, तो. त्यातून एक लाल-काळी जोडवायर निघून जिन्याच्या कडेनं, मग कडीपाटाच्या फटीतून माडीच्या पार टोकाला गेली होती. वायर पाहिली आणि मला निम्मं उत्तर मिळालं. पण मीटर लावल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय.

माडीवर चार तुळया, प्रत्येकीमागे अडीच मीटर स्ट्रिप. म्हणजे १० मीटर. स्ट्रिप मीटरला ९.६ वॅटची, म्हणजे ९६ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ८ अँपिअर. एवढा हिशोब डोक्यात ठेवून शिडीवर चढलो. आधीच्या माणसानंही मीटर लावला होता, असं काका म्हणाले, आणि १२ व्होल्ट बरोबर आले होते. येणारच. त्यानं स्ट्रिप सोडवून नुसत्या वायरीच्या टोकाला मोजलं असणार. वायरीतून काही वाहतच नसेल तर सुतळीएवढ्या वायरीच्या टोकालाही पूर्ण १२ दिसतात. मी दिवे चालू ठेवून मोजलं. एसएमपीएसवर १२.०, शेवटच्या तुळईवर ९.०. डीसी क्लॅम्पमध्ये, म्हणजे बाहेरून वायर धरून अँपिअर मोजणाऱ्या चिमट्यात, वायर घेतली तर दीड अँपिअर. ८ जायला हवेत तिथे दीड. दिवे मिणमिणतील नाही तर काय!

३ व्होल्ट वाटेत कुठे गेले ते शोधत निघालो. लांबीवर हळूहळू पडत होते ते ठीक, पण माडीच्या दारापाशी एका ठिकाणी एकदम १.३ व्होल्टचा खड्डा. तिथे वायर कमी पडली म्हणून पिळून जॉइंट मारला होता आणि वरून टेप. टेप सोडवायला गेलो तर ती गुळासारखी बोटाला चिकटली. खालची फळी रुपयाएवढी काळपट झाली होती.

खाली काकांच्या आई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी महिनाभर सांगत्येय, रात्री लाकूड करपल्यासारखा वास येतो. तर हे म्हणतात, आई, उदबत्ती असेल."

दीड अँपिअर गुणिले १.३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. ऐकायला काहीच नाही. पण ते २ वॅट वाटाण्याएवढ्या जागेत, टेपच्या आत, कोरड्या सागाला टेकून, रोज रात्री पाच-सहा तास. जॉइंट मोकळा केला, ब्लेडनं वायरीची एक तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. नुसत्या पांढऱ्या रंगावरून घाई करायची नाही, कारण कल्हई केलेलं तांबं वरून पांढरं आणि आतून लाल असतं. इथे उलटं होतं. म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली वायर तांब्याच्या जवळपास दोन-तृतीयांशच वाहून नेते, आणि अॅल्युमिनियम हवेला उघडं पडलं की त्यावर न वाहणारा थर धरतो. पिळून मारलेला जॉइंट मग सैल पडत जातो आणि तापत जातो. वाईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

कव्हर मात्र जाडजूड. दुकानात हातात धरली तर कुणालाही वाटावं की ही दीडची, म्हणजे आतल्या तारांचा छेद दीड स्क्वेअर एमएम असलेली वायर असेल. बंडलवर लिहिलेलं २३/३६, म्हणजे ३६ गेजच्या २३ तारा. खरोखरच तेवढ्या असल्या तरी तो पाऊण स्क्वेअर एमएमच्या आत येतो. आमच्या भागात स्पीकरला सर्रास वापरतात ती हीच.

काका जरा सैलावले. "म्हणजे वायर बारीक, म्हणून दिवे मंद. एवढंच ना? बाराच व्होल्ट, त्याला काय होतंय!"

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता तोंडानं उत्तर देत नाही. त्या माणसानं उरलेल्या वायरीचं बंडल माळ्यावर टाकलं होतं, ते मागवलं. माडीपर्यंत जाते तेवढीच, साधारण १४ मीटर मोजून घेतली. चौकातल्या फरशीवर गुंडाळी ठेवली, एक टोक एसएमपीएसला आणि दुसऱ्या टोकाची लाल-काळी एकमेकींना जोडली. सरळ शॉर्ट. आमचा आयटीआयचा पोरगा दोन पावलं मागे सरला.

काहीच झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. एसएमपीएसचा हिरवा दिवा तसाच. क्लॅम्पवर १० अँपिअर आणि थोडे वर.

खरी मेख इथे आहे. एसएमपीएस ३० अँपिअरचा. तो बंद कधी पडणार, तर ३० च्या पुढे गेल्यावर. या वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्सच, म्हणजे विजेला होणारा अडथळाच, सव्वा ओहमच्या आसपास, त्यामुळे शेवटाला साफ शॉर्ट झाला तरी १० च्या फारसं वर जातच नाही. एसएमपीएसला वाटतं, मालकानं आणखी चार दिवे लावले. वीजमीटरजवळच्या एमसीबीला, म्हणजे जास्त अँपिअर गेले की आपोआप पडणाऱ्या स्विचला, तर तेवढंही वाटत नाही, कारण १२ व्होल्टचे १० अँपिअर म्हणजे २३० च्या बाजूला जेमतेम अर्धा अँपिअर. घरातलं कुठलंच संरक्षण जागं होत नाही आणि शंभर-सव्वाशे वॅट वायरीत जिरत राहतात.

दीड-दोन मिनिटांत वास सुटला. गुंडाळीच्या मधल्या फेऱ्यांचं कव्हर मऊ पडलं, लाल आणि काळी एकमेकींना चिकटायला लागल्या. मी स्विच बंद केला. काकांनी वाकून गुंडाळीला हात लावायला घेतला, मी धरला. ते उभे राहिले, एकदा वर कडीपाटाकडे पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, "चहा नंतर टाका गं. आधी ती वायर निघू दे."

फटीतली वायर उंदरानं कुरतडली असती तर हेच झालं असतं, फक्त फरशीवर नाही.

आता नवी वायर कुठली? इथे बरेच जण चुकीचा प्रश्न विचारतात: '१२ व्होल्टला किती एमएम?' व्होल्टवरून वायर ठरत नाही. वायर ठरते अँपिअर आणि लांबीवरून, आणि लांबी म्हणजे जाणारी अधिक येणारी. मी कामापुरता एक धोपट हिशोब करतो: अँपिअर गुणिले एकूण मीटर गुणिले ०.०२ भागिले स्क्वेअर एमएम. येईल तेवढे व्होल्ट वाटेत जाणार. तांब्याचा नेमका आकडा ०.०१८ च्या आसपास आहे, पण जॉइंट आणि उष्णता धरून ०.०२ बरा पडतो. १२ व्होल्टला मी अर्ध्या व्होल्टच्या वर जाऊ देत नाही.

काकांसमोर लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मांडलं. ८ अँपिअर, २८ मीटर. अडीचची तांब्याची वायर टाकली तर १.८ व्होल्ट जातात. चारची टाकली तरी १.१. अर्ध्या व्होल्टमध्ये बसवायचं तर १० स्क्वेअर एमएम, म्हणजे मीटरपासून मेन स्विचला टाकतात तसली. चार तुळयांमागच्या दिव्यांसाठी! पोरगा हसला, काका हसले नाहीत. "म्हणजे माझं १२ व्होल्टचं खूळ चुकलंच म्हणायचं."

खूळ नव्हतं. १२ व्होल्टला धक्का बसत नाही हे खरंच आहे, आणि हात पोहोचेल अशा जागी ते चांगलंच. फक्त ते लांब पळवायचं नसतं. दोन वाटा होत्या. एक, २४ व्होल्टवर जायचं. वॅट तेच, अँपिअर निम्मे, म्हणजे अडीचच्या वायरीत ०.९ व्होल्ट पडतात आणि २४ मधले ०.९ कुणाच्या डोळ्याला दिसत नाहीत. नवीन घर असतं तर मी डोळे झाकून हेच केलं असतं. पण इथे सगळ्या स्ट्रिप १२ च्या, त्या फेकाव्या लागल्या असत्या, आणि एकदा बदलून झाल्यावर काकांना तिसऱ्यांदा घ्या म्हणायची माझी छाती नव्हती.

दुसरी वाट, एसएमपीएसलाच वर न्यायचा. माडीच्या भिंतीत एक खोल कोनाडा होता आणि पंख्याचा जुना पॉइंट त्याच्या हातभर अंतरावर आधीच आलेला. २३० व्होल्ट वर नकोत म्हणणाऱ्या काकांच्या माडीत ते पंख्याच्या निमित्तानं कधीचेच होते. कोनाड्याला माती-दगडाची पाठ, लाकडाचा संबंध नाही, समोर जाळीची झडप केली की हवा खेळती. तिथे १५० वॅटचा छोटा डबा बसवला. तिथून प्रत्येक तुळईला वेगळी जोडी: २ अँपिअर, जाऊन-येऊन फार तर ८ मीटर, १ स्क्वेअर एमएम तांबं. ०.३ व्होल्ट. प्रत्येक जोडीला ३ अँपिअरचा फ्यूज. वायर कितीची टाकता याइतकंच तिच्या डोक्यावर फ्यूज कितीचा बसवता हे बघा. डब्यावर १२ अँपिअर लिहिलंय म्हणून सगळ्या वायरी १२ अँपिअर सोसणाऱ्या असतात असं नाही.

वायर मी साताऱ्याहूनच नेली, आयएस ६९४ हे वायरीचं भारतीय मानक छापलेली, १४/०.३ ची. म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या १४ तारा, मिळून एक स्क्वेअर एमएम. पुण्यात तपकीर गल्लीत एलईडीच्या दुकानातून स्ट्रिप घेतली की दुकानदार सोबत ती लाल-काळी प्रेमानं देतो. ती अर्ध्या हाताच्या जोडणीला ठीक, त्यापुढे नाही. तुळईवर स्ट्रिप चिकटवायच्या आधी अॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे स्ट्रिप बसायची पट्टी ठोकली, आणि क्लिपचे कनेक्टर काढून सगळीकडे डाग दिला, म्हणजे सोल्डरिंग केलं. क्लिप दिसायला सुटसुटीत, पण त्यांचा चिमटा सैल पडतो आणि मग पुन्हा तोच करपल्याचा वास. फटीतून वायर नेलीच नाही. तुळईच्या माथ्यावरून, दिसणार नाही अशी, पितळी क्लिपांवर सोडवून नेली. काकांना रंग खटकला म्हणून तपकिरी वायर घेतली, प्लसला लाल स्लीव्ह.

संध्याकाळी दिवे लावले. टोकाला ११.७. आजी जिना चढून वर आल्या, उजेडाकडे न बघता दारापाशी थांबून त्यांनी दोन-तीनदा श्वास ओढला आणि खाली गेल्या.

बिलावरून काकांशी थोडी घासाघीस झाली, ती होतेच. ते म्हणाले, जुनी वायर तेवढी भंगारात घालून पैसे वळते करा. दुसऱ्या दिवशी बंडल घेऊन गेलो. भंगारवाल्यानं हातात तोललं, कमरेचा चाकू काढून एक तार खरवडली आणि म्हणाला, "तांब्याचा भाव देत नाही. अॅल्युमिनियमचा घ्यायचा असंल तर ठेवा, नाय तर न्या परत."